उंदरांचं आजोळ

आमच्या लॅबमध्ये किस्से कोणी गोळा करत नाही. मशीन डीएनए वाचत असतं तेव्हा सगळे नखं खात बसतात, आणि बसल्या जागी किस्से साठत जातात. मी कमी बोलते, म्हणून ते माझ्याकडेच येऊन पडतात.

आमचं काम असं : बदलापूरच्या डोंगरांतले इवलेसे रानउंदीर पकडायचे, कानाचा मोहरीएवढा तुकडा घ्यायचा, उंदीर सोडून द्यायचा. मग डीएनए वाचून कुठला उंदीर कुणाचा नातलग ते शोधायचं.

माझ्या लग्नाला तीन महिने झाले तेव्हा लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "आपला रिसर्च पेपर शुक्रवारी छापायला जातोय. पहिलं नाव तुझं. आडनाव कुठलं, माहेरचं की सासरचं? एकदा छापलं की जन्मभर तेच हं!"

मला माहेरचंच हवं होतं. तोंडातून निघालं, "सांगते."

* * *

पहिल्या वर्षी पिंजऱ्यांत पीनट बटर लावलं होतं. परदेशी पेपरांत तसंच लिहितात. एक उंदीर फिरकेल तर शपथ! पाड्यावरच्या बाळूकाकांनी वास घेतला. "ताई, ह्यो चिखल कोन खानार? सुकट लावा!"

दुसऱ्या दिवशी सहा उंदीर. आणि दोन खेकडे!

काका म्हणाले, "ह्यांचा नाता काढायचा नाय ना? मंग द्या हिकडं, रस्सा करतो!"

* * *

पेपर जायच्या आठवड्यात, मंगळवारी, उंदीर धरायच्या कापडी पिशव्या शिवून घ्यायला कॅम्प तीनच्या बाजारातल्या, जीन्स शिवणाऱ्या शेठकडे गेले.

"किसके लिए?"

"चूहे के लिए."

"कमर बोलो."

"चूहे की?"

"मॅडम, जीन्सवाला हूं. कमर के बिना कैंची नहीं चलती!" मग पेन काढून, "ऑर्डर किस नाम से?"

 त्यानं वाट बघितली आणि स्वतःच लिहिलं : चूहेवाली मॅडम.

* * *

बुधवारी जेवताना घरी विषय काढला. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव," आणि बाबांकडे बघितलं.

सासरे म्हणाले, "त्यात ठरवायचं काय? आपलंच!"

सासूबाईंनी मला आमटी वाढली. मी नको म्हटलं नव्हतं, हवी असंही म्हटलं नव्हतं.

* * *

शुक्रवारी सकाळी अंबरनाथच्या घरी, स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला लॅपटॉप उघडून मी पेपरमधली वंशावळ तपासत होते. आडनावाची जागा अजून कोरी. सासूबाई पोळ्या लाटता लाटता डोकावल्या.

"हे झाड कसलं गं?"

"उंदरांचं कूळ, आई. ह्यात आम्ही फक्त आईकडून येणारा डीएनए वाचतो. तो मुलगा-मुलगी दोघांना मिळतो. पुढे देते मात्र मुलगीच."

लाटणं थांबलं. त्यांना दोन्ही मुलगेच.

"म्हणजे माझा?"

"तुमच्या मुलांपर्यंत."

"मग संपला?"

"हो, आई."

त्यांनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, जरा जास्तच भाजली. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "पाठवलंस का? आपलंच आडनाव घाल हं!"

"माहेरचं लिही," सासूबाई मला म्हणाल्या. मोठ्यानं.

सासरे दारात आले. "का म्हणून?"

सासूबाईंनी पिठाचं बोट स्क्रीनवर टेकवलं. "बघा की नीट! तुम्ही कुठेच नाही ह्यात!"