कळ, कल आणि कॅप्टन

आमच्याकडे किस्से गोळा करावे लागत नाहीत. वॉर्डातल्या मळक्या चादरींसारखे ते आपोआप साठतात. मी सिल्वासात लेबर रूमची सिस्टर. कुणाला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, की त्या थांबवायचं औषध लावायचं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचं आणि बाईला हेलिकॉप्टरने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं. एवढ्याशा बाळांची सोय तिथेच. वाटेत माझं काम एकच, बाळ पोटातच राहिलं पाहिजे!

दमून जाते हो मी. पाय सुजतात, कान घुमत राहतात. घरी आल्यावर मुलगा विचारतो, "आई, आज खिडकीतून काय दिसलं?" डोंबल दिसलं! मी बीपी बघत असते.

* * *

कॅप्टन म्हणजे आमचा पायलट. लखनौचा, अतिशय सभ्य माणूस. उडण्याआधी तो प्रत्येकाचं वजन विचारतो.

आमच्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पचपन."

कॅप्टनने एकदा मॅडमकडे बघितलं, आणि माझी एक बॅग खाली उतरवली! मॅडम आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

* * *

सामरवरणीच्या एक सासूबाई, मूळच्या कोकणातल्या. त्या हेलिपॅडवरच आडव्या आल्या. "सातव्यात ओटी भरल्याशिवाय सून हलणार नाही!"

मी म्हटलं, "भरा, पण लवकर."

त्यांनी मूठ भरली आणि नेमका वरचा पंखा फिरायला लागला. सगळे तांदूळ उडाले ते थेट डॉक्टर मॅडमच्या डोक्यावर. सासूबाईंनी हात जोडले, "घ्या! तुमच्यावर अक्षताच पडल्या!"

मॅडमचं लग्न अजून जमायचंय.

* * *

आवाज इतका असतो, की आम्ही सगळे हेडफोन घालून बोलतो. पेशंटलाही देतो. कॅप्टन नवीन होता तेव्हा मी माइकमधून मॅडमना ओरडून सांगितलं, "कळ आली!"

पुढून कॅप्टन म्हणाला, "कल नहीं सिस्टर, आज ही पहुँचेंगे!"

मॅडमनी त्याला समजावलं, की कळ म्हणजे बाळंतपणाचा दर्द, वाढला तर बच्चा बाहर. तेव्हापासून तो शब्द ऐकला की बिचाऱ्याला घाम फुटतो.

* * *

सुनंदा धुळ्याकडची. नवरा दादऱ्याच्या एका कंपनीत मशीनवर. तिचं पहिलं बाळ असंच सातव्यात, गाडीत, रस्त्यावरच गेलं होतं. या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा नवऱ्याने फोनवरून रजा मागितली, "साहेब, बायकोले हेलिकॉप्टरमा लई जाई राहिनात."

सुपरवायझर भडकला, "छुट्टी चाहिए तो ढंग का बहाना बना!"

मग त्याने आईला ताप आल्याचं सांगितलं. रजा मंजूर!

तो रेल्वेने निघाला आणि आम्ही वरून. निम्म्या वाटेत औषध चालू असतानाच सुनंदाच्या कळा वाढल्या. इंजेक्शनचा परिणाम व्हायला अजून वेळ हवा होता, निदान एक दिवस. ती माझा हात पिळून म्हणत होती, "ताई, हाई पण जाई का?" मी म्हटलं, "कळ काढ गं बाई. थोडी कळ काढ."

कॅप्टनला 'कळ' मॅडमनी शिकवली होती, आणि 'काढ' सिल्वासाच्या पार्किंगमध्ये 'गाडी काढ' ऐकून तो स्वतःच शिकला होता.

"निकालो मत सिस्टर!" तो किंचाळला. "अंदर रखो! अंदर ही रखो!"

सुनंदा तशा कळांतही हसली. मॅडम हसल्या. मी हसता हसता रडले. उतरलो तेव्हा बाळ पोटातच होतं. तिला आत नेलं आणि आम्ही परतलो. वाटेत मॅडमनी कॅप्टनला समजावलं, की कळ काढणं म्हणजे बाहेर काढणं नव्हे, धीर धरणं.

* * *

त्याला चार दिवस झाले. परवा दुसरी पेशंट घेऊन हेलिपॅडवर उभे होतो. कोवळी पोर, भीतीने पांढरी पडलेली. तेवढ्यात सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला. मी स्पीकर लावला. कॅप्टन धावतच आला, "भाई, क्या हुआ?"

"साहेब, कल आई!"

कॅप्टनचा चेहरा उतरला. "फिर से कळ? अरे, दवाई दो उसको!"

"दवाई कसाले, साहेब? पोरगी! पोरगी कल आई! काचनी पेटीमा शे, पण रडी राहिनी! ऐका!"

आम्ही ऐकलं. कॅप्टनने गॉगल लावला. मग स्ट्रेचरवरच्या त्या पोरीकडे वाकून म्हणाला, "ताई, कळ काढा."