पोशव्वाचा अंगठा

निजामाबादकडच्या आमच्या गल्लीत पोशव्वा विड्या वळते. नवरा दुबईला, घरात ती अन् तिची पंधरा वर्षांची श्रावंती. शाळेचा अभ्यास मोबाईलवर येतो म्हणून बापानं फोन पाठवला, अन् वर बायकोला बजावलं, पोरीवर नजर ठेव. आता पोशव्वाला अक्षर येत नाही. नजर ठेवायची ती कशी?

त्यात पलीकडच्या आळीतल्या एका पोरीचा फोटो कुणा परक्यानं गोड बोलून मागून घेतला अन् मग धमकावत सुटला. पोरीची शाळा सुटली. तेव्हापासून पोशव्वाचा जीव थाऱ्यावर नाही. बतुकम्माच्या सणात ती श्रावंतीला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेली अन् फोनला आपल्या अंगठ्याचं कुलूप बसवून आली. दुकानदारानं चार आकड्यांचा एक नंबरही घालायला लावला, तो श्रावंतीनं घातला. पोशव्वाला वाटलं, असेल काही नोंदीचा.

सण सरला, विड्या वळायचं सूप परत मांडीवर आलं. सणात हात रिकामे होते, म्हणून अंगठ्याच्या कातडीवर जरा रेघा उमटल्या होत्या. पंधरा दिवसांत विडीच्या पानांनी त्या परत घासून काढल्या. अंगठा लावते, पदरानं पुसते, तेल चोळते, फोन ढिम्म. रेशनच्या दुकानातलं मशीनही वर्षानुवर्षं तिचा अंगठा असाच ओळखत नाही, तरी बाईच्या ध्यानात आलं नाही.

श्रावंतीनं फोन हातातून घेतला, चार आकडे दाबले, उघडला.

"म्हणजे तू कधीही उघडत होतीस?"

"अभ्यासालाच उघडते, अम्मा."

"काल उशीत तोंड खुपसून हसत होतीस, तो पण अभ्यासच का गं?"

"मैत्रीण होती."

"नाव सांग तिचं."

पोरगी परत फोनमध्ये बघायला लागली. पोशव्वानं सूप बाजूला आदळलं.

"तुझ्या पोटासाठी हा अंगठा झिजला, बिड्डा. अन् तुझ्याच फोनला तो चालत नाही."

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, परत बसवून घे कुलूप. म्हणजे रेघा उमटेपर्यंत परत हात रिकामे ठेवायचे, मजुरी बुडवायची. दुबईत बसून बोलायला काय जातं?

आता रोज संध्याकाळी ती पोरीला सुपाजवळ बसवते. कुणी काय लिहिलं ते नावासकट मोठ्यानं वाच म्हणते. श्रावंती वाचते. पोशव्वा विडी अर्धी ठेवून तिच्या तोंडाकडे बघते. मधेच पोर थांबते, बोटानं सरकवते, पुढचं वाचायला लागते.

"मधलं काय होतं?"

"जाहिरात होती, अम्मा."

रोज इतक्या जाहिराती येतात कुठून, हे पोशव्वानं विचारायचं तरी कुणाला?