तीन गुरू आणि आमचे सर

सॉक्रेटिस, बुद्ध आणि कन्फ्यूशियस या तिघांवर माझं पोट चालतं. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसच्या वर स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे, तिथं मी नीतिशास्त्र शिकवते. फळ्यावर तीन रकाने आखते. एकाखाली प्रश्न, दुसऱ्याखाली स्वतःचा अनुभव, तिसऱ्याखाली शिस्त आणि मान. पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि तिघांचा निकाल लागतो. कोणी हात वर केलाच तर विचारतं, "मॅडम, हे किती मार्काला येतं?" मी सांगते, दहाला. त्या वेळी मला तिघांची कीव येते, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त स्वतःची येते.

त्यातल्या त्यात कन्फ्यूशियसचं बरं झालं म्हणायचं. बिचारा आयुष्यभर राजांच्या दारोदार हिंडला, कोणी मनासारखं काम दिलं नाही. मेल्यावर मात्र त्याच्या शिकवणीवर सरकारी परीक्षा निघाल्या आणि चीनमधली पोरं पिढ्यानपिढ्या त्याची वचनं घोकत बसली. आमच्या क्लासचा मूळपुरुष तोच. सॉक्रेटिसला त्याच्याच शहरानं विष पाजलं. बुद्धाला आम्ही हार घातले, अगरबत्ती लावली आणि त्यानं सांगितलं होतं ते फोटोच्या काचेमागंच ठेवलं. हे मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नाही. माझ्याच घराबद्दल बोलतेय.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईचं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा गवंडी, दिवसभर थापी चालवायची आणि पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा, हे त्यांचं ठरलेलं. वस्तीत तसा खणखणीत आवाज दुसरा नव्हता. एखादी गोष्ट गुरूनं सांगितली म्हणून मानू नका, स्वतः तपासा, पटली तरच घ्या, असा अर्थ जिथं येई तो भाग तर आबा इतक्या ठासून वाचायचे की म्हाताऱ्या बायासुद्धा पेंग सोडून सावरून बसायच्या. वाचन संपलं की सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हणायचं आणि चपला शोधायच्या. मी लहानपणी एकदा मध्येच विचारलं होतं, "पण आबा, तपासायचं कसं?" तर आबांनी डोळे वटारले. वाचन चालू असताना बोलायचं नसतं!

पुढे कॉलेजात सर भेटले. बीएच्या दुसऱ्या वर्षाला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. वर्गात आम्ही मोजकीच पोरंपोरी, त्यांच्यात कोणी आवडीनं आलेलं नव्हतं. बाकीचे विषय भरले म्हणून आलेले. मी मात्र सरांच्या पहिल्याच तासाला खलास झाले. या तिघांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, जे आपल्याला कळतं ते शिष्यांच्या तोंडून, हे सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गुरू कसा होता हे ठरवणार कोण, तर शिष्य! बुद्धानं उपालीला संघात घेतलं, तो जातीनं न्हावी. कन्फ्यूशियसनं गरिबाचं पोर दारातून परतवून लावलं नाही. सॉक्रेटिस तर बाजारात उभा राहून कोणालाही धरायचा. ही माणसं आमच्या वस्तीत आली असती तर माझ्या घरी ओट्यावर बसली असती, असं मला वाटायचं. तेव्हाच मी ठरवलं की एमए करायचं आणि कॉलेजात हाच विषय शिकवायचा. मला दुसरं काही नको होतं.

पण सरांची एक गंमत होती. ते सगळं नोट्समधून सांगायचे. कागद इतके जुने की घड्यांवर फाटलेले. 'विद्यार्थ्याने निर्भयपणे प्रश्न विचारावेत, पूर्णविराम,' असं सर लिहून द्यायचे आणि आम्ही ते मान खाली घालून उतरवून घ्यायचो. कोणी प्रश्न विचारलाच तर सर म्हणत, "पुढं येतंय ते, लिहा." ते पुढं कधी आलं नाही.

मग आला शिक्षक दिन. त्या दिवशी आमच्याकडे मुलं शिक्षक होतात आणि शिक्षक बाकावर बसतात. मुली आईच्या साड्या नेसून येतात, मुलं कोणाचा तरी कोट मागून आणतात, दहा मिनिटं शिकवल्यासारखं करायचं, सर-मॅडमची थोडी नक्कल करायची, हसायचं, शेवटी पेढा. सगळ्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे. मला तो खेळ वाटला नाही, हेच चुकलं. मी त्या दिवशी खरोखरच शिक्षिका झाले.

सर पहिल्या बाकावर हसत बसले होते. मी सॉक्रेटिस घेतला आणि म्हटलं, चला, तसंच करून बघू. सरांना विचारलं, "शिक्षक कोणाला म्हणावं?" सर म्हणाले, "जो विचार करायला शिकवतो त्याला." "विचार करणारा विद्यार्थी प्रश्न विचारेल की नाही?" "विचारणारच." "मग सर, या वर्षात तुमच्या तासाला विचारला गेलेला एक प्रश्न सांगा." सर चष्मा काढून पुसायला लागले. मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं. "प्रश्न विचारा असं लिहून घेणं म्हणजे प्रश्न विचारणं का?" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. दारात प्राचार्य उभे होते, तेही हसले. सरांचा चेहरा लालबुंद झाला. घंटा व्हायच्या आत ते उठून निघून गेले, पेढाही घेतला नाही.

त्याच संध्याकाळी सरांची मोटारसायकल आमच्या दारात. कॉलेजातला माणूस आमच्या घरात पाय ठेवतोय, ही पहिलीच वेळ. आबांनी खुर्ची उपरण्यानं पुसली आणि मला शेजारी दूध आणायला पिटाळलं. मी परत आले तेव्हा सर गाडीला किक मारत होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. 

आबा ओट्यावर बसून होते. म्हणाले, "सर सांगून गेले, पोरगी हाताबाहेर चालली. आता बंद करा म्हणले कॉलेज."

मी रडले, जेवले नाही, आईला मध्ये घातलं. आबांचं एकच, सरांनी सांगितलं म्हणजे संपलं. सोमवारी एसटी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. उन्हाळ्यात धावड्याला दिलं मला. नवरा वाईट निघाला नाही, तेवढं नशीब. दोन लेकरं झाल्यावर मी बाहेरून परीक्षा देत देत बीए, एमए केलं, पण तोवर वय गेलं होतं आणि कॉलेजांच्या जागाही. जालन्याला आलो, क्लास मिळाला. या वीसेक वर्षांत एक दिवस असा गेला नसेल की मी त्या माणसाला शिव्या घातल्या नाहीत. फळ्यावर सॉक्रेटिस लिहिताना तर हमखास. एवढीशी पोर चार प्रश्न विचारते आणि हा शहाणा तिच्या बापाचे कान भरून येतो! विष पाजणारे निदान कोर्ट भरवून तरी पाजतात.

तर गेल्या हिवाळ्यात सरांच्या सत्काराचा निरोप आला. जालन्यातच, मंगल कार्यालयात, जुन्या विद्यार्थ्यांनी ठेवलेला. सरांनी मुद्दाम कळवलं होतं, वडिलांनाही आणा. आई गेल्यापासून आबा माझ्याकडेच असतात. ते म्हणाले, "मला न्हाई यायचं. गुडघे दुखून राह्यले." मी म्हटलं, चलायचंच. ज्याच्या शब्दाखातर तुम्ही पोरीचं कॉलेज सोडवलं तो माणूस किती मोठा आहे ते एकदा डोळ्यांनी बघा.  आबा ऑटोत माझ्याशेजारी अंग चोरून बसले.

समारंभ नेहमीसारखाच. शाल, नारळ, आणि प्रत्येक बोलणारा सरांना सॉक्रेटिसच्या शेजारी नेऊन बसवत होता. मग सर उठले. थकले होते. म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी इथं आहे. शिक्षक दिनाला तिनं मला भर वर्गात निरुत्तर केलं. राग आला मला, नाही कशाला म्हणू? पण घरी जाऊन विचार केला आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांकडे गेलो. म्हटलं, या पोरीला खूप शिकवा, अशी माझ्या हाताखालून गेलेली नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढं म्हणाले, "पुढं तिनं कॉलेज का सोडलं, मला कधी कळलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला बोलावलं तेव्हा मी माईक ओढूनच घेतला. म्हटलं, "थोर गुरूंनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही, ते काम शिष्यांवर सोपवलं. आमच्या सरांनी आपल्याला तो त्रास दिला नाही, स्वतःची गोष्ट स्वतःच रचली. सर, इतकं धडधडीत खोटं बोलताना काहीच वाटलं नाही का हो?"  सर माझ्याकडे बघतच राहिले.  सरांना पांघरायला माझ्या हातात दिलेली शाल मी तिथंच टेबलावर ठेवली, आबांचा दंड धरला आणि बाहेर आले. मला खूप बरं वाटत होतं, तेही सांगते.

ऑटो मामा चौकाच्या पुढं आल्यावर आबा म्हणाले, "खरं बोलला तो माणूस."

"कोण?"

"सर. तारीफ करायला आल्ते ते. मलाबी सोडलं न्हाई म्हणले पोरीनं, अन् हसून राह्यलते. त्यायनं तारीफ केली अन् मला धडकी भरली. धावड्याचं स्थळ आल्तं, बोलणं चालू व्हतं. म्हटलं, जी सराला सोडत न्हाई तिला सासरी कोन नांदवल? लोकं काय म्हणतील?"

"मग सरांचं नाव का घेतलंत?"

"माझ्याशी भांडली असतीस. सरांचं नाव घेतलं तर ऐकशील, वाटलं."

ऑटोवाला आरशातून बघत होता.  मी म्हटलं, "आबा, एवढी वर्षं. एकदा तरी सांगायचं."

आबांनी बाहेर बघितलं. "तू कवा विचारलंच न्हाई," म्हणाले.