पत्र्याच्या दोन पट्ट्या

गढा या आमच्या मोहल्ल्यात घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये बाबा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. कुठल्या पत्र्याला काय चिकटेल हे ते कसं ठरवतात, त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला ते नीट कळलं माझ्याच एका चुकीमुळे, म्हणून ती चूकही लिहिते.

बाबा ॲडहेसिव्ह, सीलंट, सगळ्यालाच मसाला म्हणतात. नवा मसाला आला की गाडीतून कापलेल्या पत्र्याच्या दोन अरुंद पट्ट्या घ्यायच्या, टोकावर टोक ठेवून मधे तो लावायचा, वर रंगाचा एक हात द्यायचा आणि खालच्या पट्टीला अर्धी वीट बांधून खिळ्याला टांगायचं. दुसऱ्या दिवशी आधी रंग कसा बसला ते बघतात. मग पट्ट्या ओढून वेगळ्या करतात. एक पट्टी कोरी निघाली, तर तो मसाला परत. दोन्हींवर थोडा थोडा राहिला, म्हणजे मसाला मधोमध फाटला पण त्यानं पत्रा सोडला नाही, तर तो चांगला. "दोन्हीकडं राह्यला पाहिजे," एवढंच ते म्हणतात.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मेकॅनिकलला प्रवेश मिळाल्यापासून बाबा प्रत्येक डब्यावरचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेऊ लागले. तोवर ते डबा टोपणाच्या रंगावरून ओळखत. माझं शिक्षण हिंदी माध्यमातलं. वाचताना मी अडखळायची, आणि अडखळलेलं कुणाला कळू नये म्हणून मोठी अक्षरं तेवढी वाचायची.

त्या शुक्रवारी शेडमध्ये एक स्कूल व्हॅन होती. ती चेरीताल भागातल्या एका दीदींची. त्या स्वतः चालवतात. सोमवारी सकाळी गाडीची फिटनेस तपासणी होती. ती चुकली तर मुलांचे आईवडील दुसरी व्हॅन लावणार, हे दीदी रोज येऊन सांगत. खालचा सडलेला पत्रा बाबांनी कापला होता. शेजारीच गॅसची टाकी, म्हणून वेल्डिंग न करता तिथे दोन भाग कालवून लावायच्या ॲडहेसिव्हनं ठिगळ बसवलं होतं. ते पक्कं झालं होतं. छताचा सांधा तेवढा उरला होता, तिथून पाणी आत यायचं.

नेहमीचा सीलंट बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानात संपला होता. दुकानदारानं दुसरी नळी दिली. शेडमध्ये आल्यावर बाबांनी ती माझ्या हातात ठेवली. दीदी तिथेच उभ्या होत्या. मी समोरची मोठी अक्षरं वाचली: धातू, काच, वॉटरप्रूफ. मागे बारीक अक्षरांत बरंच काही होतं. मी नळी उलटी केली आणि तशीच परत दिली.

"चालते?" बाबांनी विचारलं.

"हाव, चालते," मी म्हटलं.

त्या दिवशी बाबांनी पट्ट्या टांगल्या नाहीत, सांधा थेट भरला. वेळ नाही म्हणून, असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी रंग मारला आणि सांध्याच्या कडेनं तो फाटत गेला. थेंब तेलावरून सरकावा तसा रंग बाजूला सरकला आणि गोल गोल खड्डे पडले. मी नळी शोधून मागची बाजू वाचली. तो सिलिकॉन होता. यावर रंग बसत नाही, उघड्या लोखंडाला लावू नये, असं त्यावर सरळ लिहिलं होतं.

मी बाबांना सगळं सांगितलं. मागचं वाचलंच नव्हतं, हेही. ते मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नळी नाकाशी नेली.

"मले काल वास आला होता," ते म्हणाले. "सिरक्याचा, आंबट. तो वास असला का लोखंड खाते. पण तू वाचलं होतं नं."

मला याहून जास्त काही लागलं असेल असं आठवत नाही. इतक्या वर्षांचं नाक त्यांनी माझ्या अर्ध्या वाचनापुढं बाजूला ठेवलं होतं.

मग त्यांनी काम दाखवलं. आधी पॉलिश पेपर मारायचा नाही, नाहीतर सिलिकॉन सगळीकडे पसरतं. खरवडून काढायचं, एकाच दिशेनं पुसायचं, प्रत्येक वेळी नवा फडका घ्यायचा. तो हात मी मन लावून बघत होते. आमच्या लॅबमध्ये एवढ्या स्वच्छपणे काम करणारं मी कुणी पाहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी दुकानात मी गेले. दोन नळ्यांवरचं सगळं काउंटरवर उभी राहून वाचलं, एकेक शब्द फोनवर बघत. मागे गिऱ्हाईकं थांबली होती. दोन्ही आणल्या. बाबांनी दोन्हींच्या पट्ट्या टांगल्या. रविवारी सकाळी एका नळीची पट्टी कोरी निघाली. दुसरीचा मसाला दोन्हीकडं राहिला, वरचा रंगही धरून होता. तो सीलंट लावला, दुपारी रंग मारला, संध्याकाळी छतावर बादल्यांनी पाणी ओतलं. आत एक थेंब आला नाही.

दीदी गाडी न्यायला आल्या तेव्हा शनिवारची गाडी रविवारवर का गेली ते मीच सांगितलं. बाबा काहीतरी दुसरं कारण सांगणार होते, मी त्यांना बोलू दिलं नाही.

"मतलब इंजीनियर साहिबा से एक ट्यूब नहीं पढ़ी गई," दीदी बाबांकडे बघून हसल्या.

"अब पढ़ लेती है," बाबा म्हणाले.

सोमवारी गाडी पास झाली.

मसाला असा मधोमध फाटण्याला आमच्या पुस्तकात एक नाव आहे, कोहेसिव्ह फेल्युअर; ते पुढच्या सत्रात मला सापडलं. ग्रंथालयात ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं. घरी बाबांना दाखवलं तर म्हणाले, "अच्छा, म्हणजे त्यायलेबी मालूम आहे."

आता नवी नळी आली की मी मागून वाचायला सुरुवात करते. एखादा शब्द नाही समजला तर नाही समजला म्हणते. बाबा पूर्ण ऐकून घेतात, नळीचा वास घेतात, आणि मग पट्ट्या कापायला बसतात.