पाणक्या सेनापती का होऊ नये?

सविता साळवेवर अन्याय झाला तो सत्त्याण्णव साली, दिवाळीआधीच्या सोमवारी, नगरमधल्या आमच्या ऑफिसात, सगळ्यांदेखत. मी तिथं टेस्टिंग करायचो, म्हणजे कॉम्प्युटर गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून चुका काढायचो. मी समोर होतो, म्हणून लिहितो.

आमच्या गेमचं नाव ‘गढी’. दोन भाग येऊन गेले होते. पडद्यावर बुद्धिबळासारखे चौकोन. एक चाल आपली, एक कॉम्प्युटरची. पण इथल्या प्याद्याला नाव होतं, गाव होतं. मेला तो कायमचा गेला. जगला तो लढाईगणिक शिकत गेला, आणि पुरेसं शिकला की कुणीही सेनापती व्हायचा. घोडेस्वार, लोहार, अगदी सैन्याला पाणी पाजणारा पाणक्यासुद्धा. हा नियम सविताचा. राहात्याच्या बौद्ध कुटुंबातली मुलगी. दोन्ही भागांचे नियम तिनंच रचले.

तिसरा भाग तयार झाला. सगळा माल उचलणारा डीलर त्या सोमवारी आला. खेळून बघितलं आणि म्हणाला, “पाणक्या सेनापती? लोकं हसत्याल ओ! घराण्यातला पायजे.”

“दोन भाग तुम्हीच विकलेत, शेठ,” सविता म्हणाली. “कोण हसलं?”

“लई बोलती हो, सर, तुमची पोरगी.”

सर, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, तिच्याकडे वळले. “अगं, एक नियम तर बदलायचा. नाव तेच, चित्रं तीच, तलवारी त्याच. गेम तोच राहतो की.”

“तलवारी कुठल्याही गेममध्ये असतात, सर. आपल्यात पाणक्या वर चढतो. तेच काढणार असाल तर ‘गढी’ म्हणू नका त्याला.”

“नाव राहील. तुझं काढतो,” सर म्हणाले.

आणि काढलं. गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यातूनही आणि नोकरीवरूनही.

नवा भाग मी तपासायला घेतला. माझा पाणक्या सगळ्या लढायांतून जगला. सेनापती पडला. त्याच्या जागी आला सेनापतीचा पुतण्या, एकही लढाई न बघितलेला. मी सरांना म्हटलं, “ही चूक आहे.”

“चूक नाही. ऑर्डर आहे.”

तिसरा भाग खपला, खोटं कशाला सांगू? डब्यावरचं नाव शाबूत असलं की आतून काय काढलं ते कुणी बघत नाही.

तुम्ही बघा. घरी तिसरा भाग असेल तर तो घेऊन जिथून आणला त्या दुकानात जा, आणि चार गिऱ्हाइकं उभी असताना मोठ्यानं विचारा: सविता साळवेचा नियम कुठंय? तिचं नाव कुठंय? उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.