नाण्यावरची बाई

माझ्या वडिलांनी, आबांनी, उधन्याला राहून जन्मभर जरीच्या कारखान्यात काम केलं. काम सोडताना शेठने त्यांना एक जुनं रोमन चांदीचं नाणं भेट दिलं. एका बाजूला दाढीवाला राजा. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात ताटली, पुढ्यात साप.

"हाई बाई नागले दूध पाजी ऱ्हायनी," आबा म्हणायचे. मलाही ती नागपंचमीच वाटायची. लग्न होऊन मी जवळच कडोदऱ्याला गेले, तरी दर रविवारी माहेरी येऊन आम्ही बापलेक भिंग घेऊन बसायचो.

मग दादाचं लग्न झालं. वहिनीने एक दिवस नाण्याच्या कडेची अक्षरं वहीत उतरवली, आठवडाभर काहीबाही वाचलं, आणि माझ्यासमोरच म्हणाली, "आबा, ही पूजा नाही. ही रोमन लोकांची आरोग्याची देवी, सालुस. साप वेदीवरून वर येतोय, त्याला ती खाऊ घालतेय. राजाची तब्येत नीट राहो, असा अर्थ."

आबा हरखलेच. "इतकी वर्षं आपण नुसतं बघत बसलो!" म्हणाले. ते 'आपण' मला फार लागलं. पुढच्या रविवारी भिंग वहिनीच्या हातात होतं आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते.

सापाला फणा आहे, तो नागच आहे, हे मला सिद्ध करायचं होतं. आबा आणि वहिनी बाहेर गेल्यावर मी नाणं दंतमंजनाने खसाखसा घासलं. फणा काही निघाला नाही. जुना काळसर रंग मात्र गेला आणि आधीच झिजलेली दोन अक्षरं दिसेनाशी झाली.

"कोणी घासलं हे?" आबांनी विचारलं.

"मी."

त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं. वहिनीच म्हणाली, "असू द्या ताई, अक्षरं माझ्या वहीत आहेत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने मी जास्तच जळले.

गेल्या महिन्यात आबांचे एक जुने सोबती आले. "ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. मी पटकन पुढे होऊन सालुस, वेदी, राजाची तब्येत, सगळं सांगितलं. वहिनीचं नाव काढलं नाही. ती चहा घेऊन दारात उभी होती. माझं सांगून होईपर्यंत थांबली आणि मग कप ठेवले.