एका टोकानं मोकळ्या साखळ्या

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. औंधच्या पूर्वेला आमचं गाव, आजोबांपर्यंत मेंढरंच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कमी करून विहिरीवर शेती धरली. मी माधवनगरला खोली घेऊन सांगलीत पीएच.डी. करत होते. विषय होता उष्णता ओळखणारं हायड्रोजेल, म्हणजे पोटात पाणी धरणारी रेणूंची जाळी.

दिसायला ते भिजलेल्या सब्जासारखं, मऊ आणि पारदर्शक. बत्तीस-तेहतीस अंशांच्या वर गेलं की पांढरं पडतं, आकसतं आणि पोटातलं पाणी बाहेर टाकतं. पाण्यात औषध असेल तर औषधही. पुढेमागे जखमेवर लावता येईल, असं आम्ही प्रस्तावात लिहिलं होतं.

अडचण वेगाची होती. साध्या जेलमध्ये रेणूंच्या साखळ्या दोन्ही टोकांनी जाळीत बांधलेल्या असतात. गरम पाण्यात टाकलं की बाहेरचा थर आधी आकसतो, त्याचं कातडं होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. तासन्‌तास अडकतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, एवढ्यावर प्रबंध होतो, लिहून टाक. मी नाही म्हटलं. मला जाळीवर एका टोकानं बांधलेल्या आणि दुसऱ्या टोकानं मोकळ्या साखळ्या जोडायच्या होत्या. मोकळी टोकं आधी गोळा होतात, जाळीला ओढून घेतात आणि कातडं धरायच्या आत पाणी निघून जातं. दुसऱ्यांनी केलेलं वाचलं होतं, पण मला माझ्या हातानं करायचं होतं. हिचं कसंबसं झालं, असं कुणी म्हणायला नको होतं.

घरी फोन करून अजून वर्ष लागेल म्हणून सांगितलं. आबांनी काय राहिलंय ते विचारलं. मी साखळ्यांचं सांगितलं, आणि त्यांना ते माझ्या प्रयोगशाळेतल्या पोरांपेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे घोंगड्याच्या दशाच की. एक टोक विणलेलं, एक मोकळं."

"व्हय."

"मग येळ लागतोयच. कर सावकाश."

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्या आठवड्यात आबा औंधच्या यमाईला जाऊन नवस बोलून आले होते. लेक डॉक्टर होईस्तवर पायात चप्पल घालणार नाही. आमच्याकडे असं बोलतात आणि पाळतात. ज्याच्यासाठी बोललं त्याला सांगत नाहीत. आईला माहीत होतं. मी सुट्टीला जायची तेव्हा आबा घरात बाजेवर बसलेले असायचे, आणि घरात चप्पल कोण घालतं? माझ्या लक्षात आलं नाही. त्यांना बरीच वर्षं साखर होती. तळवे बधिर झाले होते. काटा मोडला तरी कळत न्हाई, तेवढंच सुख, असं ते हसून सांगायचे, आणि मीही हसायची.

तीन वेळा साखळ्या जोडल्याच गेल्या नाहीत. चौथ्यांदा जमलं. चाळीस अंशांच्या पाण्यात तुकडा टाकला, पांढरा झाला आणि बघता बघता बोटाच्या पेराएवढा उरला. मी वेळ वहीत लिहिली. शेजारी साधा तुकडा फुगलेलाच होता.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आबा भर दुपारी डांबरी रस्त्यानं औंधला जाऊन आले होते. पोळल्याचं त्यांना कळलंच नाही. घरात आल्यावर फरशीवर ओले ठसे उमटले, ते आईनं पाहिले. आधी गावात औषध केलं, मग कराडला दाखवलं, आणि डावा पाय काळा पडायला लागल्यावर सांगलीला माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी घोट्याच्या वरून कापावा लागेल म्हणून सांगितलं. थांबलं तर गुडघाही जाईल.

मी आईला विचारलं, चप्पल का नव्हती. तेव्हा तिनं नवसाचं सांगितलं.

"मला बोलला का न्हाई?" मी आबांना म्हटलं.

"बोललो असतो तर तू साधंच लिवून मोकळी झाली असतीस."

झाले असते. मी तसं म्हटलंही.

मग आबा म्हणाले, "तुज्या त्या औषधानं हे बरं हुईल का?"

"न्हाई, आबा."

"थोडंबी न्हाई?"

"ते अजून माणसाला लावायचं झालेलं न्हाई. आणि मेलेलं मांस त्यानं जगत न्हाई."

"मग कापू द्या. कागद इंग्रजीत हाय, तू वाच."

मी वाचला. सगळा वाचला, ओळ ओळ मराठीत करून सांगितला, कारण त्यांना न कळता काही व्हायला नको होतं. कुठं कापणार, काय बिघडू शकतं, कोण जबाबदार. माझा आवाज प्रयोगशाळेत सूचना वाचताना असतो तसा होता. खाली सही केली, नात्याच्या जागी मुलगी लिहिलं.

तीनला त्यांना आत नेलं. चारला जेलचं वजन घ्यायचं होतं. आई म्हणाली, जा. मी गेले, टिपकागदानं पाणी टिपलं, वजन केलं, आकडा लिहिला. परत आले तोवर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सनं उजव्या पायासाठी मऊ चप्पल आणायला सांगितली. आबा नको म्हणाले. माझी तोंडी परीक्षा अजून राहिली होती, नवस फिटला नव्हता. मी वाद घातला नाही. खाटेजवळ खुर्ची ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि प्रबंध लवकर संपावा म्हणून साध्या जेलचं प्रकरण लिहायला घेतलं.